वाजवणार कोण?



मी पायदळातून निवृत्त झालेला माणूस. मूळ बेळगावचा. निवृत्तीनंतर म्हैसूरला स्थायिक झालो, नजरबाद भागात. टिपू सुलताननं जुना किल्ला मोडून नवा बांधायला घेतला, तो या नजरबादला. टिपू पडल्यावर इथलेच दगड परत नेऊन जुना किल्ला पुन्हा उभा केला. तर अशा ठिकाणी मी राहतो. राजवाडा चालत जाण्याच्या अंतरावर. दसऱ्याच्या दिवसांत राजवाड्यापुढं पोलीस बँड वाजतो आणि वारा इकडचा असला की ढोलाचा ठोका आमच्या गच्चीपर्यंत पोचतो.

या मालिकेत माझ्याकडून युद्धाच्या गोष्टींची अपेक्षा असणार. आज मी एका संगीतकाराबद्दल बोलणार आहे, वनराज भाटिया यांच्याबद्दल. मला गाता येत नाही, पेटीवर सा सापडायलासुद्धा वेळ लागतो. तरीही बोलतोय, कारण या माणसाच्या आयुष्यानं माझ्या घरातलं एक भांडण मिटवलं. पूर्ण मिटलं असं म्हणत नाही. युद्धविराम म्हणा.

गोष्ट 2021 च्या मे महिन्यातली. करोनाची दुसरी लाट, बाहेर निर्बंध. माझी धाकटी मुलगी संगणक अभियंता. चांगली चार वर्षांची नोकरी सोडून ती घरी आली होती. का, तर तिला संगीत रचायचं होतं. सिनेमाची गाणी नव्हेत. संगणकावर आवाज तयार करायचे, त्यांचे थर रचायचे, त्यात कधी व्हायोलिन, कधी आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक. मी तिला विचारलं, "हे लिहिशील ठीक आहे, पण वाजवणार कोण?" ती कानावरचे हेडफोन न काढताच म्हणाली, "बाबा, वाजलंय की."

मी चिडलो. म्हणालो, "आमच्याकडं याला मोर्चा सोडून पळणं म्हणतात." मुलीला असं बोलू नये. बोललो. पंधरा दिवस आमचं बोलणं जेवणापुरतं राहिलं.

त्या अबोल्यात 7 मे रोजी बातमी आली, वनराज भाटिया गेले. वय 93. मुलगी ताटावर बसता बसता एवढंच म्हणाली, "भारत एक खोजवाले गेले." मला नाव नीट ठाऊक नव्हतं. पण ते संगीत ठाऊक होतं. त्याची आठवण पुढं सांगतो.

आधी माझा प्रश्न. "वाजवणार कोण?" हा मी चिडून विचारला असला तरी पोकळ नव्हता. तरुणपणी माझ्याकडं काही काळ पलटणीच्या बँडची जबाबदारी होती. बँडचा अधिकारी म्हणजे सुरांचा जाणकार असं समजू नका. वाद्यांची दुरुस्ती, गणवेश, सरावाची जागा, सुट्ट्या, हे माझं काम. पण तिथं मी एक नवल पाहिलं. सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यांतून आलेली, दहावीपर्यंत शिकलेली पोरं पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन घडाघडा वाचत होती. सैन्याची संगीतशाळा पचमढीला आहे, 1950 पासूनची, जनरल करिअप्पांच्या काळातली. तिथं पोरगं तयार होऊन येतं. आमचा बँडमास्तर एकदा म्हणाला होता, "साहेब, हा कागद म्हणजे शिध्याची यादी. स्वयंपाक झाल्याशिवाय पोट भरत नाही." तीस माणसं, तीस वाद्यं, रोजचा सराव आणि महिन्याचा पगार, एवढं जमलं की कागदाचं संगीत होतं.

मैफिलीच्या गवयाला हा त्रास नाही. तंबोरा आणि तबला असला की त्याचं घर चालू. पण ज्याला चाळीस व्हायोलिनं एकदम ऐकू येतात, त्यानं काय करायचं? वनराज भाटियांचं सगळं आयुष्य या प्रश्नाशी झुंजण्यात गेलं.

त्यांचा जन्म 31 मे 1927 चा, मुंबईतल्या कच्छी व्यापारी घरातला. शाळा न्यू इरा. हिंदुस्थानी संगीत ते प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या विद्यालयात शिकले. हे देवधर म्हणजे कुमार गंधर्वांचे गुरू. कुमारजी आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, म्हणून हे नाव वाचताच मी खुर्चीत सावरून बसलो. त्याच वयात भाटियांनी चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराचा पियानो कंचेर्टो ऐकला आणि ओढ तिकडं लागली. चार वर्षं पियानो शिकले. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी घेऊन 1949 साली एम.ए. झाले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. तिथं सुवर्णपदक. मग पॅरिस, नादिया बुलांजे यांच्याकडं.

या बाईंबद्दल दोन वाक्यं सांगतो. विसाव्या शतकातल्या कितीतरी संगीतकारांना त्यांनी घडवलं. अर्जेंटिनाचा पियाझोला, अमेरिकेचे आरन कोपलंड आणि फिलिप ग्लास हे त्यांचेच शिष्य. लष्करी भाषेत सांगायचं तर ही त्या क्षेत्रातली डेहराडून अकादमी. तिथं मुंबईचा हा तरुण रॉकफेलर शिष्यवृत्तीवर आणि नंतर फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकला. तो 1959 मध्ये घरी परतला, तेव्हा एवढी तयारी असलेला रचनाकार भारतात शोधून सापडला नसता.

आणि इथं उतरल्यावर समोर काय? प्रश्न तोच. वाजवणार कोण?

मुंबईत वादक नव्हते असं नाही. उत्तम होते. गोव्याची माणसं चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेली, पारशी होते, अँग्लो-इंडियन होते. पण ती सगळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बांधलेली, कारण पगार तिथं होता. भाटिया परतायच्या वर्षभर आधीच, 1958 मध्ये, एकानं धाडस करून पाहिलं होतं. त्यांचं नाव अँथनी गोन्साल्विस. होय, गाण्यातलं नाव. प्यारेलालजींनी आपल्या या गुरूचं नाव त्या गाण्यात घातलं. गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म भाटियांच्याच वर्षीचा. त्यांनी सेंट झेविअर्स कॉलेजच्या अंगणात मोठा वाद्यवृंद उभा केला, रागांवर आधारलेल्या रचना केल्या आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना गायला बोलावलं. कौतुक झालं, पण तो वाद्यवृंद टिकला नाही. पदरमोड करून एक संध्याकाळ होते, पलटण पोसता येत नाही.

भाटियांनी आधी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं, 1960 ते 65. आणि सोबत धरली जाहिरात. परत आल्याबरोबर त्यांनी शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातपटाला संगीत दिलं. जाहिरातीसाठी मुद्दाम नवं संगीत रचून घेण्याची सुरुवात आपल्याकडं तिथून झाली असं मानतात. पुढं लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स. एकूण आकडा सात हजारांच्या वर सांगितला जातो. तुम्ही पन्नाशीच्या पुढचे असाल तर धबधब्याखाली नाचणारी ती लिरिलची मुलगी आठवेल, आणि तिच्यामागची ती 'ला ला ला'ही. ती यांची.

हे वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली, खरं सांगतो. मला वाईट वाटलं. बुलांजेबाईंच्या हाताखाली तयार झालेला माणूस साबण विकतोय! तोफखान्याच्या अधिकाऱ्याला लग्नाच्या वरातीत फटाके लावायला उभं केल्यासारखं.

पण पुढं वाचत, ऐकत गेलो तसं मत बदललं. जाहिरात म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात सुरुवात, भर आणि शेवट. सतत वादक समोर, सतत स्टुडिओ, आणि खर्च दुसऱ्याचा. आज बासरी आणि चेलो एकत्र लावून बघ, उद्या नुसते मानवी आवाज, परवा सतार आणि ट्रम्पेट. सात हजार वेळा. आमच्याकडं याला फायरिंग रेंज म्हणतात. लढाई नव्हे ती, पण रेंजवर रोज गेलेला माणूस लढाईत डगमगत नाही.

लढाईची वेळ 1974 मध्ये आली. जाहिरातींच्या दुनियेतलेच एक दिग्दर्शक, श्याम बेनेगल, आपला पहिला कथापट करत होते, 'अंकुर'. संगीत भाटियांचं, त्यांचाही तो पहिलाच कथापट. मग 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट, आणि त्यातलं प्रीती सागर यांनी गायलेलं गुजराती गाणं. पॅरिसला शिकलेल्या माणसानं केलेली चाल गुजरातच्या गावातून उगवल्यासारखी वाटते. पुढं तीच अमूलच्या जाहिरातीत आली आणि घराघरात पोचली. मग 'भूमिका', 1977. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या मराठी आत्मकथनावर बेतलेला. त्यात बोलपटाच्या सुरुवातीच्या दशकांतल्या ढंगाची गाणी हवी होती. भाटियांनी त्या-त्या काळाचा बाज असा धरला की जुनी तबकडी लावल्याचा भास व्हावा. 'जुनून', 'कलयुग', '36 चौरंगी लेन', 'जाने भी दो यारों', 'त्रिकाल'. गोविंद निहलानींच्या 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार.

आता माझी आठवण. 1988-89 चा हिवाळा, उत्तरेकडच्या सीमेवरचं एक ठाणं. मेसमध्ये एक टीव्ही. अँटेना फिरवायला बाहेर बर्फात एक जवान उभा. 'भारत एक खोज' लागायचं. सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, संस्कृत आणि वसंत देव यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद. सृष्टी नव्हती तेव्हा काय होतं, असं विचारणारं ते सूक्त. ते सुरू झालं की चमचे थांबायचे. आमचा स्वयंपाकी केरळचा ख्रिश्चन. तो एकदा म्हणाला, "साब, हे आमच्या चर्चमधल्यासारखं आहे." आमचा एक सुभेदार, रत्नागिरीकडचा, देवपूजेचा माणूस, लगेच म्हणाला, "चर्च कसलं? मंत्र आहे तो, वेदातला." दोघांत थोडी जुंपली. आज कळतं की दोघंही बरोबर होते. शब्द वेदातले, पठणाचा भारदस्तपणा आपला, पण एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांतून चढत जाणारे आवाज युरोपच्या समूहगायनाचे. सांधा कुठंच दिसत नव्हता. देवधरांची शाळा आणि पॅरिस एकाच श्वासात. हे कुणी केलं, असा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

नाव झालं, मानसन्मान आले. संगीत नाटक अकादमी 1989, पद्मश्री 2012. पण सिनेमा आणि जाहिरातीच्या आड जे संगीत ते स्वतःसाठी लिहीत होते, त्याचं काय? पियानोच्या रचना होत्या, तंतुवाद्यांसाठी होत्या. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी पियानोसाठी फँटेजिया आणि फ्यूग लिहिली. फ्यूग म्हणजे एका आवाजानं धून उचलायची, ती चालू असताना दुसऱ्यानं तीच उचलायची, मग तिसऱ्यानं, आणि तरी कुणी कुणाच्या पायात यायचं नाही. कवायतीची परमावधी म्हणा ना! पण हे ऐकणारे थोडे आणि वाजवणारे त्याहून थोडे. मुंबईत पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा एन.सी.पी.ए.मध्ये उभा राहिला 2006 साली. सुरुवातीला त्यातले पुष्कळ वादक कझाकस्तानातून आणावे लागले. तोवर भाटिया 79 वर्षांचे झाले होते. पॅरिसहून परतल्याला 47 वर्षं. सेनापती तयार, आणि पलटण 47 वर्षांनी हजर.

तरी गडी थांबला नाही. गिरीश कार्नाड यांच्या 'अग्नी मत्तु मळे' या नाटकावर त्यांनी ऑपेरा लिहायला घेतला, 'अग्निवर्षा'. महाभारतातल्या यवक्रीची गोष्ट, कार्नाडांची कन्नड लेखणी आणि भाटियांचे सूर. आपल्या संगीत नाटकाचा हा दूरचा भाऊच. फरक एवढाच की इथं संवादही गायचे. त्याचा पहिला अंक 2012 मध्ये न्यूयॉर्कला सादर झाला. रचनाकार 85 वर्षांचा. जानेवारी 2019 मध्ये जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची 'रेव्हरी' वाजवली. आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रांत बातमी आली की वनराज भाटिया आजारी आहेत, हातात पैसा नाही. मदतीला माणसं धावली, ते चांगलं झालं. पण जानेवारीत टाळ्या आणि वर्ष संपायच्या आत मदतीचं आवाहन, हे एका ओळीत वाचताना मला बापाचीच भीती वाटली. माझ्या मुलीनं याच रस्त्यावर पाऊल टाकलं होतं.

आता इथं, माझ्या गच्चीवरून दिसणाऱ्या राजवाड्याकडं थोडं वळतो. कारण "वाजवणार कोण" या प्रश्नाला एक उत्तर तिथंही मिळालं होतं. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडियार. त्यांना स्वतःला पियानोवादक व्हायचं होतं. वडील गेले, काका गेले, 1940 मध्ये गादी अंगावर आली आणि पियानो मागं पडला. मग त्यांनी काय केलं? लंडनमध्ये हलाखीत दिवस काढणाऱ्या निकोलाय मेटनर या रशियन संगीतकाराच्या रचना स्वखर्चानं ध्वनिमुद्रित करवल्या. मेटनरनं आपला तिसरा पियानो कंचेर्टो त्यांना अर्पण केला. लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाला सुरुवातीच्या अडचणीच्या काळात त्यांचा आधार होता. रिचर्ड स्ट्राऊसची अखेरची चार गीतं 22 मे 1950 ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा गायली गेली, तो कार्यक्रम होऊ शकला यामागंही त्यांचा पैसा होता. आणि इकडं स्वतः त्यांनी 94 कर्नाटक कृती रचल्या. त्यांचं निधन 1974 चं. भाटियांचा 'अंकुर' आला तेच वर्ष.

मी हे सांगतो ते राजांचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. मुद्दा हा की संगीत रचणाऱ्याच्या मागं कुणीतरी उभं लागतं. कधी राजा, कधी साबणाची कंपनी, कधी दोन रुपये देणारे पाच लाख शेतकरी.

आणि आता चौथं उत्तर, माझ्या मुलीचं. "बाबा, वाजलंय की." यंत्र.

मला वाटायचं, हे खूळ परवाचं. तसं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये मूग सिंथेसायझर बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो लावून दिला, गीता साराभाईंच्या पुढाकारानं. आपली माणसं तिथं तीन-चार वर्षं विजेच्या आवाजांतून रचना करत होती. त्या फिती नंतर कपाटात गेल्या. एका ब्रिटिश कलाकारानं त्या बाहेर काढल्या आणि 2023 साली त्या लोकांसमोर आल्या. मुंबईचे चरणजित सिंग सिनेमाच्या वाद्यवृंदातले गिटारवादक. त्यांनी 1982 मध्ये तीन जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. कुणी फारसं विचारलं नाही. वीस वर्षांनी एका डच माणसाला ती सापडली, 2010 मध्ये पुन्हा निघाली, आणि जग म्हणालं की शिकागोच्या पोरांनी जे 1987 मध्ये केलं, ते मुंबईत या माणसानं पाच वर्षं आधी केलं होतं! चरणजित सत्तरीत युरोपच्या मंचांवर वाजवून आले. ते 2015 मध्ये गेले.

म्हणजे यंत्रानं "वाजवणार कोण" हा प्रश्न सोडवला, यात शंका नाही. भाटियांना 47 वर्षं थांबावं लागलं, माझ्या मुलीला एक मिनिट थांबावं लागत नाही. पण अहमदाबादच्या फिती आणि चरणजितची तबकडी पाहिली की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो यंत्राला सुटत नाही. ऐकणार कोण?

हे लक्षात आलं त्या रात्री मी मुलीच्या खोलीचं दार वाजवलं. म्हटलं, "ऐकव." तिनं हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवले. अकरा मिनिटांची रचना होती. पहिली चार मिनिटं मला काही कळलं नाही. पाचव्या मिनिटाला लांबून एक ढोल आला, अगदी दबका, वाऱ्यावरून येतो तसा. मी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "आपल्या गच्चीवरून रेकॉर्ड केला होता, दसऱ्यात." तो आमचा पोलीस बँड होता.

आज ती आठवड्याचे तीन दिवस जाहिरातींसाठी आणि लघुपटांसाठी आवाजाचं काम करते, उरलेले दिवस स्वतःचं. भाटियांनी धरलेलीच वाट आहे ही. मला काळजी वाटायची थांबलेली नाही. निवृत्तिवेतन माझं आहे, तिचं नाही. पण दर रविवारी रात्री अर्धा तास मी तिचं नवं काम ऐकतो. कळलं नाही तर कळलं नाही म्हणतो. मोर्चा सोडून पळण्याबद्दल जे बोललो, त्याबद्दल तिची माफीही मागितली. साठी उलटल्यावर ते सोपं नसतं.

तुम्हाला एकच विनंती. राजे होऊन वाद्यवृंद पोसणं आपल्याला जमणार नाही. पण आज जेवणानंतर 'भारत एक खोज'चं ते सुरुवातीचं संगीत लावा. या वेळी कुणी केलं हे नाव लक्षात ठेवून ऐका. आणि तुमच्या घरात, शेजारी कुणी पोरगं कानाला हेडफोन लावून काही घडवत बसलं असेल, तर वाजवणार कोण, पोट कसं भरणार, हे प्रश्न जरूर विचारा. फक्त त्याआधी एकदा ऐका.

जय हिंद.